भरल्या गोदामाचे समाधान

अन्नपुरवठ्याची साखळी भक्कम करायची असेल तर गोदामे मोठी बांधा, रूळ वाढवा, महामार्ग रुंद करा आणि हे सगळे एका ठिकाणी आणून जोडा, हे मत आजकाल इतक्या ठामपणे मांडले जाते की त्याला पुरावा मागण्याचेही कुणाच्या मनात येत नाही. उत्तर महाराष्ट्रात हे मत मांडणारा माणूस हमखास मनमाडकडे बोट दाखवतो. भारतीय अन्न महामंडळाची अवाढव्य गोदामे इथे. आशियातली सर्वांत मोठी, असे आम्ही पाहुण्यांना सांगतो. खात्री करून घ्यायला कुणी आशियाभर हिंडलेले नाही. पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो, त्यांना मुंबईहून पाइपलाइनने येणारे इंधन. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे जंक्शन, दौंडकडे एक फाटा, छत्रपती संभाजीनगरकडे दुसरा, आणि गावाच्या मधोमध पुणे-इंदूर महामार्ग. म्हणजे धान्यही इथे आणि ते वाहून न्यायला लागणारे डिझेलही इथेच. त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये. मध्य प्रदेशातला भरडधान्याचा प्रदेश आणि महाराष्ट्रातला कांद्याचा पट्टा जोडला जाईल, असे तेव्हा सांगण्यात आले. याहून भक्कम आणखी काय हवे, असा प्रश्न मग आपसूक येतो.

मला या मताचा प्रतिवाद करायचा आहे आणि तो मनमाडमध्येच उभे राहून करायचा आहे. कारण ज्या गावाचा दाखला दिला जातो, त्याच गावाने हे मत दोनदा खोटे पाडले आहे, तेही पाच आठवड्यांच्या आत.

२९ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे मनमाडमधल्या रेल्वेवरच्या ब्रिटिशकालीन पुलाचा एक भाग कोसळला. पहाटेची वेळ होती म्हणून निभावले. पण पुणे-इंदूर महामार्ग त्या पुलावरूनच जातो, आणि गावाचे दोन भाग जोडणाराही तोच. एका सकाळी गाव दुभंगले, अवजड वाहने लांबच्या रस्त्यांनी वळवावी लागली. गोदामांत धान्य होते तेवढेच होते, टाक्यांत तेल होते तेवढेच होते. फक्त रस्ता नव्हता.

त्या धक्क्यातून सावरतो न सावरतो तोच १ जानेवारी २०२४ उजाडला. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. पानेवाडीच्या टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या. इथे नीट पाहायला हवे. पाइपलाइन फुटली नव्हती, टाक्या रिकाम्या नव्हत्या, डेपोला आग लागली नव्हती, रस्तेही मोकळे होते. तरीही उत्तर महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, बाटल्या-कॅन घेऊन लोक धावले आणि कित्येक पंपांवर संध्याकाळपर्यंत ‘स्टॉक नाही’चे फलक लागले. दुसऱ्या दिवशी केंद्र सरकारने वाहतूकदारांशी बोलून, चर्चा झाल्याशिवाय ही तरतूद लागू करणार नाही, असे सांगितले तेव्हा गाड्या हलल्या. पुढे जुलै २०२४ मध्ये न्याय संहिता अमलात आली तेव्हाही ते पोटकलम बाजूलाच ठेवले गेले. म्हणजे चालकांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. ते आधी विचारले असते तर संप झालाच नसता.

‘हे अपवाद आहेत, धोरण अपवादांवर ठरत नाही,’ असे उत्तर मिळते. मग त्याच काळातल्या आसपासच्या घटना पाहू. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि २० सप्टेंबरपासून नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. ८ डिसेंबरला निर्यातच बंद. एप्रिल २०२४ मध्ये व्यापारी आणि माथाडी यांच्यात लेव्हीवरून वाद झाला, पुन्हा बाजार समित्या ठप्प. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रेशन दुकानांतल्या ई-पॉस मशीनचा सर्व्हर इतका रखडला की धान्य दुकानात पडलेले आणि माणसे अंगठा लावून लावून दमलेली. शेवटी सरकारला ऑफलाइन वाटपाची परवानगी द्यावी लागली. वर्षभरात इतक्यांदा साखळी तुटली, आणि गोदाम लहान होते म्हणून किंवा रूळ कमी होते म्हणून ती एकदाही तुटली नाही. पुलाची गोष्ट सोडली तर प्रत्येक वेळी कारण एकच: निर्णय, आणि त्या निर्णयाचा भार ज्याच्या अंगावर पडतो त्याला न विचारणे. पुलाचेही तसेच म्हणता येईल. जुना पूल अचानक जुना होत नाही.

एकाच ठिकाणी सगळे आणून ठेवण्याचे मोल बैरूतने मोजले. ४ ऑगस्ट २०२० च्या स्फोटात बंदरावरची धान्याची कोठारे उद्ध्वस्त झाली. क्षमता सुमारे १ लाख २० हजार टन, आणि देशाचा बहुतेक गहू बाहेरून येणारा, त्याच बंदरातून. स्फोटानंतर लेबनॉनकडे महिनाभरही पुरेल इतका साठा नव्हता. बंदरात कोठार असणे सोयीचे होते, स्वस्तही होते. मनमाडला बैरूतसारखे काही होईल असे मला सुचवायचे नाही. पण सोय आणि सुरक्षितता यांची गल्लत दोन्हीकडे सारखीच आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांविषयी, कारण त्यांचेही सगळे मला पटत नाही. त्यांना वाटते की हा सगळा पसारा मोडून प्रत्येक गावाने आपले पिकवावे, आपले खावे, पुन्हा पेव आणि कणगी भरावी. मनमाड ज्यात येते त्या नांदगाव तालुक्यात राहणाऱ्याने हे बोलताना जरा जपून बोलावे. १९७२ च्या दुष्काळात इथल्या कणग्या तळाला गेल्या होत्या. माणसे जगली ती दुष्काळी कामांवरच्या मजुरीवर, सुकडीवर आणि परदेशातून येऊन रेल्वेने पोचलेल्या त्या लाल मिलोवर. त्या मिलोच्या भाकरीला आमच्या आज्यांनी दिलेल्या शिव्या अजून ऐकू येतात, पण तो आला नसता तर शिव्या द्यायला कोण उरले असते? तेव्हा रूळ हवेत, बाहेरचे धान्य हवे, महामंडळही हवे. माझा वाद गोदाम असण्याशी नाही, गोदामापाशीच थांबण्याशी आहे. मनमाडच्या थप्पीत किती लाख पोती आहेत, यावरून सुरक्षितता मोजता येत नाही. गाडी-घोडे बंद पडले तर रेशन दुकानात किती दिवस पुरेल, यावरून ती मोजावी लागते.

साठा घासाच्या जवळ ठेवणे परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांना लासलगाव-नांदगाव-येवल्याकडची कांदा चाळ दाखवावी. जमिनीपासून उचललेला ओटा, बाजूंना बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्या, मध्ये वारा खेळायला फटी, वर पत्रा किंवा कौले. एप्रिल-मेमध्ये निघालेला उन्हाळ कांदा तिथे ऑक्टोबरपर्यंत राहतो, आणि पावसाळाभर देशाच्या भाजीत पडणाऱ्या कांद्याचा फार मोठा वाटा अशा चाळींतूनच जातो. आतला माल सडला की वास आधी येतो. मग पहाटे घरातल्या बायका पदर नाकाला लावून खराब कांदा वेचून काढतात. वजन घटते, कोंब फुटतात, बुरशी लागते, आणि हे सगळे नुकसान शेतकऱ्याच्या नावे. विकेंद्रित साठवण म्हणतात ती ही. इथे ती आहे, चालते, आणि सरकारला तिचे भाडे कधी द्यावे लागलेले नाही. उलट, भाव चढून हे भाडे बाजारातून वसूल होण्याची वेळ आली की शुल्क लागते, किमान निर्यातमूल्य येते, निर्यातबंदी येते. चाळीसाठी अनुदान देणारा हातही सरकारचा आणि चाळ रिकामी करायला लावणाराही सरकारचाच. पुढच्या वर्षी शेतकरी काढणीलाच माल विकून मोकळा झाला, तर त्याला दोष कोण देणार?

किसान रेलचेही असेच झाले. ७ ऑगस्ट २०२० ला पहिली गाडी देवळालीहून दानापूरला सुटली, मनमाडला थांबली; त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून भाड्यात निम्मी सवलतही मिळाली. टाळेबंदीच्या काळात फळे-भाज्या त्यातून गेल्या, शेतकऱ्यांना ती आवडली. पुढे सवलत आटली आणि गाड्याही आटल्या. संकटात उभारलेली सोय संकट सरल्यावर मोडीत काढायची, आणि पुढच्या संकटात नव्या नावाने तिचे उद्घाटन करायचे. मधल्या काळात ती रिकामी धावली तर तो तोटा समजायचा.

खरा मतभेद इथे आहे. हिशेबनिसाला जास्तीचा साठा म्हणजे अडकलेला पैसा वाटतो. मनमाडच्या बाईला विचारा. वर्षानुवर्षे नळाला कधी पंधरा, कधी वीस दिवसांनी पाणी आले, तेव्हा तिने पिंप, टाकी, हंडे, कळशा, मिळेल ते भरून ठेवले. ते अडकलेले पाणी आहे असे तिला कुणी सांगून पाहावे! (नळाला पंधरा दिवसांनी पाणी येणे ही अर्थात नामुष्की आहे, कौतुक करायचे ते तिच्या हिशेबाचे.)

मग पैशांचाच हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत मनमाडची लोकसंख्या ८० हजार होती. प्रत्येक माणसाला रेशनचे पाच किलो धान्य मिळते असे धरले, जे प्रत्यक्षात खूपच जास्तीचे धरणे झाले, तरी महिन्याला ४०० टन लागतात. ५० किलोची आठ हजार पोती. धान्याच्या एका भरलेल्या रेकमध्ये साधारण २,६०० टन येतात, म्हणजे एका रेकमध्ये सगळ्या गावाचे सहा महिन्यांचे रेशन. आता राज्याचे पाहू. अन्नसुरक्षा कायद्यात महाराष्ट्राचे सुमारे ७ कोटी लाभार्थी, म्हणजे महिन्याला साडेतीन लाख टन. केंद्राच्या निकषानुसार दरवर्षी १ जुलैला देशाच्या कोठारात गहू आणि तांदूळ मिळून ४११ लाख टन असायला हवेत. महाराष्ट्राच्या तालुका गोदामांत आणि दुकानांत एक जादा महिना भरून ठेवायचा, तर त्यातला एक टक्काही लागत नाही. धान्य तेच, फक्त जागा वेगळी. खर्च येतो तो गोदामाच्या छपराचा, फवारणीचा, आणि आज ना उद्या करायचीच असलेली वाहतूक महिनाभर आधी करण्याचा.

हे होत नाही असेही नाही. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली इथल्या पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांत नवसंजीवन योजनेखाली पावसाआधीच काही महिन्यांचे धान्य पोचवले जाते. २०२५ मध्ये तर केंद्राने जून, जुलै आणि ऑगस्टचे रेशन एकदम आगाऊ वाटायला राज्यांना सांगितले; पावसाळा तोंडावर होता आणि गोदामांत जागाही करायची होती. घाईत झाले, सर्व्हरने छळले, दुकानदार कुरकुरले, पण झाले. जे घाईत होते ते सावकाशीने का होणार नाही?

‘धान्य कशाला, रोख द्या, माणूस बाजारातून घेईल,’ असा एक शहाणपणा आहे. त्याचा प्रयोग मनमाडच्या शेजारच्याच, वैजापूर ज्यात येते त्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातही झाला आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना सवलतीचा गहू आणि तांदूळ मिळत असे. महामंडळाकडून तो मिळणे बंद झाले आणि २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये खात्यात जमा होऊ लागले. पुढच्या वर्षी ते १७० झाले. पाच किलोंचे १५० म्हणजे किलोला ३० रुपये. वैजापूरच्या दुकानात त्या भावात काय गहू येतो ते जाऊन पाहावे. शिवाय साखळी तुटल्यावर पहिल्यांदा भडकतात ते बाजारातलेच भाव. खात्यातली रक्कम तिथेच राहते. ज्या दिवशी मदत लागते, नेमक्या त्याच दिवशी रोख रकमेचे धान्य कमी होते.

हमालांविषयीही बोलायला हवे, कारण या चर्चेत त्यांचे नाव खर्चाच्या रकान्याखेरीज कुठे येत नाही. मनमाडच्या साइडिंगला रेक लागली की घड्याळ सुरू होते. ठरावीक तासांत ती रिकामी झाली नाही तर रेल्वे डेमरेज, म्हणजे विलंबशुल्क, लावते. २,६०० टन म्हणजे ५२ हजार पोती. प्रत्येक पोते कुणाच्या तरी पाठीवरून उतरते. गोणपाटाचे तंतू घामाला चिकटतात, कोंडा नाकातोंडात जातो, मे महिन्यात वॅगनचा पत्रा हात लावू देत नाही. आत थप्पी लावताना फळीवरून चढत वरच्या थरापर्यंत जायचे, आणि त्या थप्प्या किडीसाठी गोळ्या टाकून ताडपत्रीखाली झाकल्या गेल्या की त्या वासाजवळही फिरकायचे नाही. शांताकुमार समितीच्या २०१५ च्या अहवालातला एक आकडा सगळ्यांना तोंडपाठ आहे: महामंडळाच्या काही मोजक्या कामगारांना एका महिन्यात मिळालेले लाखो रुपये. तो गैरप्रकार होताच. पण महामंडळाचे बहुसंख्य हमाल कंत्राटी आहेत, हे त्याच अहवालात आहे आणि ते कुणी सांगत नाही. मूठभरांच्या पावत्या दाखवून बाकीच्यांची मजुरी ठरवायची, आणि मग टाळेबंदीत मजूर गावी निघून गेले की साखळी का तुटली यावर परिसंवाद भरवायचा. पोलादी सायलो आले की हमाल लागणारच नाही, असे सांगतात. खुल्या धान्याच्या खास वॅगनी आणि यंत्रे असलेल्या बड्या ठिकाणी लागणार नाही, हे खरे. तालुक्याच्या गोदामात मात्र पोतेच उतरणार आहे.

राहिला प्रश्न काय साठवायचे याचा. नांदगाव, येवला, मालेगावच्या कोरडवाहू शिवारात बाजरी होती. तिची जागा मक्याने घेतली. शेतकऱ्याचे चुकले नाही. मक्याला कोंबडीखाद्यवाले आणि स्टार्चवाले गिऱ्हाईक आहे, बाजरी पाखरे खातात आणि तिला बाजार भाव देत नाही. त्याच शेतकऱ्याच्या घरी रेशनचा गहू येतो तो शेकडो किलोमीटरवरून. २०२२ च्या मार्चमधल्या उष्णतेने आणि चढ्या बाजारभावाने देशाची गहूखरेदी ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर घसरली, १३ मे रोजी निर्यातबंदी आली, आणि कित्येक राज्यांत रेशनमधल्या गव्हाऐवजी तांदूळ मिळू लागला. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य देण्याची सोय पहिल्यापासून आहे. बाजरीचे पीठ आठवड्यात कडू होते हा आक्षेप खरा, पण रेशनवर पीठ कुणी मागितले आहे? दाणा द्या, गिरणी गल्लीत आहे. तालुक्यात हमीभावाने घेतलेली बाजरी तालुक्याच्याच गोदामात राहिली आणि तिथल्याच दुकानात गेली, तर इंदूरची लाइन होईपर्यंत भरडधान्याची वाट पाहावी लागणार नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो नाशिक जिल्ह्यातलाच माणूस घेऊ शकतो. सुरगाण्याचा धान्य घोटाळा विसरलात का? तालुक्याच्या गोदामात जास्त धान्य म्हणजे चोराला जास्त वाव. विसरलो नाही. तिथे धान्य कागदावर निघाले, कागदावर पोचले आणि माणसांपर्यंत गेले नाही. ते फार काळ चालले, कारण गोदामात किती असायला हवे हे गावात कुणालाच माहीत नव्हते. दक्षता समित्या कायद्यात आहेत. त्यांना आकडाच कळत नसेल तर त्या दक्षता कशावर ठेवणार? नांदगावच्या शासकीय गोदामाच्या फाटकावर एक काळा फळा लावावा आणि त्यावर रोज सकाळी खडूने दोन ओळी लिहाव्यात: आत किती पोती आहेत आणि ती तालुक्याला किती दिवस पुरतील. प्रत्येक रेशन दुकानाबाहेरही तसेच. आकडा तीस दिवसांच्या खाली गेला की तहसीलदाराने का ते सांगावे. फळ्याला निविदा लागत नाही, आणि मनमाडहून नांदगाव पंचवीसेक किलोमीटर आहे.